हिशेबात धरलेलं मरण

प्रश्न नाशिकच्या एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी एम.एस.साठी शिकागोला निघाली आहे. ते लिहितात, "घरात सगळ्यांना एकच धास्ती. तिकडे ९/११सारखं काही झालं तर? मी जरा आकडे चाळले, तर तिथे बंदुकीनं रोज शंभरावर माणसं मरतात. त्याबद्दल आमच्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही, आणि अमेरिकेतही त्याची तेवढी दहशत दिसत नाही. असं का? माणसं गणितात इतकी कच्ची असतात का?"

मी विम्यातला गणिती आहे, ज्याला ॲक्च्युअरी म्हणतात तो. पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे, आणि त्यातली बहुतेक मालमत्ता आणि अपघात विम्यात गेली. कोण मरणार हे आम्हाला कधीच कळत नाही, पण किती मरणार याचा अंदाज बांधण्याचा पगार मिळतो. त्यामुळे उत्तर धंद्याच्या बाजूनं देतो. आणि शेवटच्या प्रश्नाला आधीच "नाही" म्हणून ठेवतो. गणितात कच्चेपणा हे कारण असतं, तर आमच्या धंद्यातली माणसं तरी वेगळी वागली असती. ती तशी वागली नाहीत, ते पुढे सांगतोच.

तुमचे आकडे बरोबर आहेत. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, म्हणजे दिवसाला सरासरी १३४. यातली २६,३२८ आत्महत्या करून गेली आणि २०,९५८ खुनात. ९/११ला २,९७७ माणसं मारली गेली. त्याच २००१ सालात बंदुकीनं साडेएकोणतीस हजारांच्या आसपास माणसं मेली होती. म्हणजे ९/११ला गेली तेवढी माणसं त्या वर्षी दर सव्वापाच आठवड्यांनी बंदुकीनं जात होती, आणि त्यासाठी कुठे मेणबत्त्या लागत नव्हत्या.

मला मात्र वर्षापेक्षा एक आठवडा जास्त आठवतो. एप्रिल २०१३. सोमवारी, १५ तारखेला, बॉस्टन मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेजवळ प्रेशर कुकरचे दोन बॉम्ब फुटले. तीन जण मेले, अडीचशेहून जास्त जखमी झाले, कित्येकांचे पाय कापावे लागले. बुधवारी, १७ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये सिनेटपुढे बंदुकीच्या विधेयकातली एक दुरुस्ती मताला आली. चारच महिन्यांपूर्वी सँडी हुकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं गोळ्या घालून मारली होती. त्यानंतरची मागणी अगदी साधी होती: प्रदर्शनात किंवा इंटरनेटवर बंदूक विकतानाही घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासा. बाजूनं ५४, विरोधात ४६. साठ मतं लागत होती, दुरुस्ती पडली. त्याच संध्याकाळी टेक्ससमधल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात खताच्या गोदामाला आग लागली, अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि १५ माणसं गेली. त्यातली बहुतेक आग विझवायला धावलेली होती. शुक्रवारी, १९ तारखेला, त्या बॉम्बस्फोटांतल्या एका फरार तरुणाला शोधण्यासाठी बॉस्टन आणि आसपासच्या गावांतल्या लोकांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं गेलं. बस बंद, मेट्रो बंद, रस्ते ओस.

त्या वर्षाच्या सरासरीनं पाहिलं, तर त्या सात दिवसांत देशभर बंदुकीनं साडेसहाशेच्या आसपास माणसं मेली असणार. त्यांच्यासाठी कुठलं शहर बंद झालं नाही. वेस्ट गावाचं नाव आज अमेरिकेतही दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. तिथे बॉस्टनच्या पाचपट माणसं गेली होती.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. २००१ च्या आधी अमेरिकेत इमारतीचा विमा काढला, की दहशतवादी हल्ल्याचं नुकसान त्यात आपोआप धरलेलं असायचं. वेगळा पैसा नाही. १९९३ मध्ये त्याच वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बॉम्ब फुटला होता, तरीही नाही. मग ९/११ झालं, आणि विमा कंपन्यांना तीस अब्ज डॉलरहून जास्त रक्कम मोजावी लागली. त्यांनी ती मोजली, पण नंतर आधी पुनर्विमा कंपन्या, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्या, मागे सरल्या. त्यांच्या पाठोपाठ विमा कंपन्यांनी पॉलिसीत कलम घातलं: दहशतवाद वगळून. विमा नाही म्हणून बँका कर्ज देईनात, कर्ज नाही म्हणून मोठ्या इमारतींची कामं अडकली. शेवटी नोव्हेंबर २००२ मध्ये काँग्रेसनं कायदा केला, की ठरावीक मर्यादेपलीकडच्या नुकसानीचा भार सरकार उचलेल. 'काही वर्षांची सोय' म्हणून आलेला हा कायदा वाढवत वाढवत आता २०२७ च्या अखेरपर्यंत आणला आहे. भारतातही २००२ मध्येच विमा कंपन्यांनी मिळून दहशतवादाच्या जोखमीसाठी एक सामायिक निधी काढला, आमच्याकडे त्याला 'पूल' म्हणतात. २६/११ नंतर ताज आणि ओबेरॉयचे क्लेम त्यातूनच भागवले गेले.

म्हणजे ज्यांना संभाव्यतेचं शास्त्र शिकवून पगार दिला जातो, ती माणसं काय करत होती? पळत होती. सामान्य माणूस विमानात बसायला घाबरला आणि आम्ही विमान कंपनीचा विमा उतरवायला घाबरलो, फरक इतकाच.

आणि आमच्या पळण्याला कारण होतं. बंदुकीच्या मृत्यूंचा आकडा हलतो, पण सावकाश हलतो. २०१४ साली साडेतेहेतीस हजार, २०१९ साली चाळीस हजारांच्या जरा खाली. पुढच्या वर्षी काय होईल हे मी टेबलावर बसून बऱ्यापैकी सांगू शकतो. एका गावातला खून आणि हजार मैलांवरची आत्महत्या यांचा एकमेकांशी संबंध नसतो. अशी हजारो सुटी नुकसानं एकत्र केली, की त्यांची सरासरी निघते, सरासरीवरून हप्ता ठरतो आणि कंपनी रात्री शांत झोपते. दहशतवादात हे काहीच चालत नाही. दहा वर्षं शून्य, आणि एका सकाळी सगळं एकाच चौकात. एकाच इमारतीत हजारो कामगारांचा विमा, इमारतीचा विमा, शेजारच्या दुकानांचा विमा, वरून आलेल्या विमानाचाही विमा. शिवाय पूर काही तुमचा बांध कुठे कच्चा आहे ते हेरून येत नाही. हल्लेखोर हेरून येतो. विमानतळ बंदिस्त केला, तर तो रेल्वे स्टेशनवर जातो. मागच्या शंभर हल्ल्यांची सरासरी काढून एकशेएकावा हल्ला सांगता येत नाही. तेव्हा "इतकी माणसं मेली, तेवढीच भीती हवी" असं जे हुशारीनं सांगितलं जातं, ते मला अर्धवट वाटतं. तो हिशेब काल मेलेल्यांचा आहे. उद्याचा सगळ्यात वाईट दिवस केवढा असू शकतो, हे त्यात कुठेच येत नाही.

पण सगळी भीती या कारणानं शहाणी ठरत नाही. उरलेल्या भागावर मानसशास्त्रज्ञांनी चांगलं काम केलं आहे. पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की सामान्य माणूस जोखीम तोलताना मृत्यूंच्या संख्येवर फारसा जात नाही. तो दोन गोष्टी पाहतो. हे किती धडकी भरवणारं आहे: एकदम अनेकांना गाठणारं, आपल्या ताब्यात नसणारं, निरपराधांवर येणारं? आणि हे किती अनोळखी आहे? त्याही आधी, १९६९ मध्ये, चॉन्सी स्टार या अभियंत्यानं म्हटलं होतं, की आपण होऊन पत्करलेली जोखीम माणसं लादलेल्या जोखमीपेक्षा सुमारे हजारपट जास्त खपवून घेतात. बंदूक इथेच निसटते. अमेरिकेत तीन प्रौढांमागे जवळजवळ एकाकडे स्वतःची बंदूक आहे. ज्यानं ती घेतली, त्याच्या मनात ती धोक्याच्या रकान्यात नसते, संरक्षणाच्या रकान्यात असते. कपाटात ठेवलेली वस्तू आपल्याच घरातल्या कुणाच्या तरी जिवावर उठेल, असं विकत घेताना कुणालाच वाटत नाही. आणि वर पाहिलंत ना, निम्म्याहून जास्त मृत्यू तसेच आहेत.

विमेवाल्यांत एक प्रयोग नेहमी सांगितला जातो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे ९/११च्याही आधीचा. लोकांना विचारलं, विमानप्रवासाच्या विम्याला किती पैसे द्याल? काहींना सांगितलं, 'कुठल्याही कारणानं' मृत्यू आला तर भरपाई. सरासरी उत्तर आलं बारा डॉलर. दुसऱ्या गटाला सांगितलं, फक्त 'दहशतवादी कृत्यानं' आला तर. उत्तर आलं चौदा डॉलर. कुठल्याही कारणात दहशतवाद आलाच की! पण 'कुठल्याही कारणानं' म्हटल्यावर डोळ्यांपुढे काही येत नाही, 'दहशतवाद' म्हटल्यावर चित्र उभं राहतं. विमा विकणाऱ्याला हे न शिकवता कळतं. एजंट तुम्हाला आकडे दाखवत नाही, शेजारच्या जोशीकाकांचं काय झालं ते सांगतो.

अशी भीती स्वतःच माणसं मारते. ९/११ नंतर हजारो लोकांनी विमान सोडून मोटार धरली. गेर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा अंदाज असा, की त्यामुळे पहिल्या तीनच महिन्यांत रस्त्यांवर साडेतीनशेच्या आसपास जास्तीचे बळी गेले. पुढच्या अभ्यासात त्यानं वर्षभराचा आकडा दीड हजाराच्या घरात काढला. हे मृत्यू कुठल्याच स्मारकावर कोरलेले नाहीत. आणि याच्यावर कडी म्हणजे डिसेंबर २०१५. सॅन बर्नार्डिनोला एका जोडप्यानं १४ जणांना गोळ्या घालून मारलं आणि सरकारनं त्याला दहशतवाद म्हटलं. त्या एका महिन्यात बंदूक विक्रीसाठी लागणाऱ्या पार्श्वभूमी तपासण्या ३३ लाखांवर गेल्या, तोवरचा उच्चांक. काही लोक हल्ल्याला भ्यालेले, काही नव्या कायद्याच्या चर्चेला. क्वचित होणाऱ्या गोष्टीच्या भीतीनं रोज होणाऱ्या गोष्टीचं साहित्य घरात आणलं गेलं.

इथपर्यंतचं बहुतेकांना ठाऊक असतं. मला जे खरं कारण वाटतं, ते मात्र मानसशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आमच्या खतावणीत जास्त स्पष्ट दिसतं. आमच्या धंद्यात जे नुकसान दरवर्षी होणारच, त्याला नुकसान म्हणतच नाहीत, खर्च म्हणतात. ते हप्त्यात आधीच धरलेलं असतं. समाजही तेच करतो. काही मरणं त्यानं हिशेबात धरलेली असतात. ती आली, की कुणी दचकत नाही. दचका बसतो तो हिशेबाबाहेरच्या मरणाचा.

मग विचारायचं ते हे, की कुणाची मरणं हिशेबात धरली जातात? अमेरिकेत बंदुकीच्या खुनांना बळी पडणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय असतात. लोकसंख्येत त्यांचं प्रमाण सातात एक. त्यातही हे खून शहरभर सारखे पसरलेले नसतात, ठरावीक वस्त्यांत, कित्येकदा ठरावीक गल्ल्यांत साचलेले असतात. तुमच्या मुलीच्या शिकागोत २०२१ साली आठशेच्या आसपास खून झाले, आणि मिशिगन लेकच्या काठच्या उंच इमारतींत राहणाऱ्या माणसाला ते वर्ष फारसं वेगळं वाटलं नसेल. आत्महत्यांचं तर बोलणंच होत नाही. त्या घरोघरी दाबल्या जातात. मॅरेथॉन पाहायला कुणीही जातं, विमानात कुणीही बसतं. 'मी तिथे असू शकलो असतो' असं ज्याच्या आवाजाला वजन आहे त्याला वाटलं, की भीती राष्ट्रीय होते.

नावाचाही फरक पडतो. जून २०१६, ऑरलँडोचा नाइट क्लब, ४९ ठार, मारेकऱ्यानं इसिसचं नाव घेतलं: दहशतवाद. ऑक्टोबर २०१७, लास व्हेगास, हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून गाण्याच्या कार्यक्रमावर गोळीबार, एकूण ६० ठार. हेतू काय, एफबीआयला शेवटपर्यंत एक ठाम असा सापडला नाही. म्हणून तो 'गोळीबार' राहिला. तिथे बंदुकीला लावलेल्या एका जोडणीवर बंदी आली, तीही २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली. आमच्या धंद्यात तर शब्दावर पैसे अवलंबून असतात. २००२ च्या त्या कायद्याप्रमाणे एखादी घटना 'दहशतवादी' आहे असा दाखला अर्थमंत्र्यानं द्यावा लागतो, आणि नुकसान पन्नास लाख डॉलरच्या वर असावं लागतं. बॉस्टनला तो दाखला कधीच मिळाला नाही. आजवर कुठल्याच घटनेला मिळालेला नाही. टीव्हीवर दिवसरात्र जो शब्द घुमत होता, तो कागदावर उतरलाच नाही. २०१३ मध्ये एका बैठकीत आम्ही दोन तास यावरच डोकं लावलं होतं, आणि एकालाही त्यातला विनोद तेव्हा सुचला नाही.

राजकारणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते तसं सरळ आहे. दहशतवादाविरुद्ध खर्च केला, तर कुणी मतदार रागावत नाही. दहशतवाद्यांची काही मतपेढी नसते. शिवाय हल्ला हा सरकारला दिलेला उघड निरोप असतो, की तू तुझ्या माणसांना वाचवू शकत नाहीस. सरकारला उत्तर द्यावंच लागतं. ब्रायन जेनकिन्स हे अभ्यासक सत्तरच्या दशकातच म्हणाले होते, की दहशतवाद्याला पुष्कळ माणसं मरायला नको असतात, पुष्कळ माणसं पाहायला हवी असतात. ९/११ नंतरच्या दहा वर्षांत अमेरिकेनं अंतर्गत सुरक्षेवर आधीपेक्षा एक हजार अब्ज डॉलरहून जास्त वाढीव खर्च केला, असा जॉन म्यूलर आणि मार्क स्टुअर्ट यांचा हिशेब आहे. एका माणसानं बुटात स्फोटकं लपवली, म्हणून सगळ्या देशानं २००६ पासून जुलै २०२५ पर्यंत विमानतळावर बूट काढले. (माझ्या आईला त्याचं काही वाटायचं नाही. देवळासारखंच आहे की, म्हणायची.) आणि बंदुकीचं? १९९६ मध्ये काँग्रेसनं आरोग्य खात्याच्या रोगनियंत्रण केंद्राला बजावलं, की बंदूक नियंत्रणाचा प्रचार होईल असा पैसा खर्च करू नका, आणि त्यांच्या अंदाजपत्रकातून नेमके २६ लाख डॉलर कापले. बंदुकीच्या इजांवर तेवढाच खर्च होत होता. संशोधन वीसेक वर्षं जवळपास गोठलं. या विषयासाठी पुन्हा पैसा मंजूर झाला तो २०१९ च्या अखेरीस, अडीच कोटी डॉलर. म्हणजे ही मरणं हिशेबात धरली खरी, पण हिशेबाची वही मात्र मुद्दाम बंद ठेवली.

यावर आम्ही मुंबईकरांनी नाक मुरडायचं कारण नाही. मी बोरिवलीचा. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात बॉम्ब फुटले, दोनशेच्या आसपास माणसं गेली. माझा भाऊ तेव्हा रोज चर्चगेटला जायचा, फर्स्ट क्लासच्या पासावर. त्यानंतर महिनाभर तो फर्स्ट क्लासमध्ये चढला नाही. सेकंडमध्ये जायचा, दारात लटकून. मी फोनवर म्हटलं, अरे, लटकून जास्त माणसं मरतात. म्हणाला, ते रोजचंच आहे रे. पुढे २०१२ मध्ये अनिल काकोडकर समितीनं रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना वगैरे देशात वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर, असं त्यात होतं, आणि त्याला समितीनं 'कत्तल' हा शब्द वापरला होता. सरकारी अहवालात असा शब्द सहसा सापडत नाही. तो वाचून कुणी स्टेशनवर वाळूची पोती रचली नाहीत.

आता तुमच्या मुलीचं. दहशतवादी हल्ला तिच्या बाबतीत मी हिशेबातसुद्धा घेणार नाही. बंदुकीचा धोका पत्त्यावर आणि घरावर अवलंबून असतो, तेव्हा खोली घेण्याआधी तो रस्ता रात्री कसा असतो, हे विद्यापीठातल्या भारतीय मुलांना विचारायला तिला सांगा. रूममेट ठरवताना भाडं आणि वायफाय विचारतात, तसंच घरात बंदूक आहे का, हेही तिनं सरळ विचारावं. हा प्रश्न तिकडे उद्धट समजत नाहीत, लहान मुलांचे डॉक्टरसुद्धा पालकांना विचारतात. फ्लोरिडानं डॉक्टरांना तो विचारायला कायद्यानं मनाई केली होती, ती २०१७ मध्ये कोर्टानं काढून टाकली. पहिला हिवाळा एकटेपणाचा जातो, त्या वेळी तिच्याशी परीक्षेपलीकडचं बोलत राहा, आणि ९८८ हा नंबर तिच्या फोनमध्ये असू द्या. मनाची घालमेल झाली तर तिथे चोवीस तास कुणीतरी बोलायला असतं. सगळ्यात मोठी काळजी मला मोटारीची वाटते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या रस्त्यांवर बेचाळीस हजारांहून जास्त माणसं गेली. पाच मुलं मिळून जुनी गाडी घेतात आणि सुट्टीत रात्रभर चालवत नायगाराला जातात. मागच्या सीटवर बसली तरी तिनं पट्टा लावायचा, एवढं मात्र तुम्ही विमानतळावर निरोप देताना सांगा. आपल्याकडे मागच्या सीटवर तो कुणी लावत नाही.